तांबडी रेघ

महिपतीला आयुष्यात एकाच माणसाचं वाईट व्हावंसं वाटायचं, आणि तो माणूस चांगला होता. सगळी पंचाईत तिथंच होती. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं. चार लोक आपल्या बाजूनं बोलतात. पण कोंडीबाचं नाव काढलं की समोरचा म्हणायचा, "कोण, तुमचं साडू? लई गुणी माणूस." मग महिपतीला हातातला चहा कडू लागायचा.

मोडनिंबच्या रावजीला मुलगा नव्हता, दोन मुलीच होत्या. थोरली रंभाबाई महिपतीला दिलेली, धाकटी सोजरबाई कोंडीबाला. महिपतीचं सोलापुरात भवानी पेठेत पाट्यांचं दुकान होतं. लॉरीची चाकं ज्या लोखंडी पट्ट्यांच्या चवडीवर तोललेली असतात, ते पाटे. पाटा तुटला, बसला, लुळा पडला की लॉरी महिपतीच्या दारात येऊन उभी राहायची. पट्टी भट्टीत लाल करायची, घणानं तिला बाक द्यायचा, तेलात विझवायची आणि पुन्हा चढवायची, हा त्याचा जन्माचा धंदा. नट आवळून झाला की नटावरून बोल्टापर्यंत तो तांबड्या ऑइलपेंटची एक रेघ ओढायचा. मागाहून कुणी नट हलवलाच तर रेघ तुटायची आणि चोरी उघडी पडायची. "माझ्या कामाला दुसऱ्याचा हात लागला तर माझा तुमचा संबंध न्हाय," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा. गाडी मात्र त्याला चालवता येत नव्हती. सगळी हयात गाडीखाली गेली, स्टिअरिंगमागं बसायचं राहूनच गेलं.

कोंडीबा श्रीपूरला साखर कारखान्यात जीपवर ड्रायव्हर होता. गाडी चालवायचा, दुरुस्त करायचा, भजनात उभा राहिला की बायका कामं टाकून ओट्यावर येऊन बसायच्या. दिसायला उजळ, बोलायला गोड. सासू दगडाबाई त्याच्या ताटात तूप वाढताना वाटी उपडी करायची आणि महिपतीच्या ताटात पळीनं वाढायची. निदान महिपतीला तरी तसंच दिसायचं, आणि ज्याच्या पोटात दुखतं त्यालाच ओवा लागतो.

एका बाबतीत मात्र महिपतीचा हात वर होता. रावजीनं उतारवयात हौसेनं मिलिटरीच्या लिलावातली एक जीप घेतली होती. स्वतः चालवायला शिकला. पण मोडनिंबपासून रावजीच्या मळ्यातल्या वस्तीपर्यंतचा रस्ता उसाच्या बैलगाड्यांनी असा उखणला होता की चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर जीपचं पोट घासायचं. महिपतीनं जीप सोलापुरात आणवली, चारी पाट्यांत एकेक जादा पट्टी घातली, मागच्या पाट्यांची मागची टोकं ज्या झुलत्या कड्यांना अडकवलेली असतात त्या कड्याही लांब केल्या, आणि जीप वीतभर उचलून दिली. खिलारी बैलासारखी दिसायला लागली ती. रावजीनं आख्ख्या बाजारात फिरवली. कुणी विचारलं की तो छाती काढून सांगायचा, "आमची गाडी थोरलं जावई बघत्यात."

हे एक वाक्य महिपतीला पुरत होतं. तूप कोंडीबाला गेलं, भजन कोंडीबाला गेलं, पण हे वाक्य त्याचं होतं. रात्री झोपताना तो ते मनातल्या मनात रावजीच्या आवाजात ऐकायचा.

आणि मग जीप थरथरायला लागली.

चाकोरीतून सावकाश चालताना काही कळायचं नाही. पण डांबरी रस्त्याला लागून जरा पळवली की खालून घुमल्यासारखा आवाज यायचा आणि सगळी गाडी हीव भरल्यागत कापायची. रावजी जीप घेऊन भवानी पेठेत आला तेव्हा शेजारच्या सीटवर कोंडीबा होता. ती जागा त्याचीच. रावजीचा गिअर अडला की तो नुसता हात लावून सोडवून द्यायचा. दोघं हसत हसत उतरले, आणि महिपतीचं तोंड तिथंच वाकडं झालं.

कोंडीबा पांढऱ्या विजारीची पर्वा न करता जीपखाली शिरला. बाहेर आला तो महिपतीकडं न बघता हळूच म्हणाला, की पुढच्या गिअरबॉक्सकडून मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या गोळ्याकडं जो शाफ्ट फिरत जातो, त्याच्या दोन्ही टोकांची तोंडं सारख्याच कलात पाहिजेत. गाडी उचलली, कडी लांब झाली, त्यात मागच्या गोळ्याचं तोंड आभाळाकडं झालंय. शाफ्ट वाकडा फिरतोय म्हणून गाडी कापते. अशानं त्याच्या टोकाचा फिरता सांधा, तो क्रॉस, एक दिवस तुटणार. पाटा आणि आस यांच्यामध्ये लोखंडाची निमुळती पाचर घालून ते तोंड खाली केलं की झालं.

महिपतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलणं खरं होतं, म्हणूनच गेली. पाट्यांत पाचर घालायचं त्याला नवीन नव्हतं. लॉरींना त्यानं कितीदा घातली होती. ते आपल्याला सुचायच्या आधी या माणसाला कसं सुचलं? तो म्हणाला, की मिलिटरीचे जुने टायर आहेत, ते उडतात, बाकी काही नाही. रावजीनं मान हलवली, पण डोळे कोंडीबाकडंच होते. ते डोळे महिपतीनं पाहिले.

घरी रंभाबाईनं भाकरी वाढता वाढता वर मीठ चोळलं. सोजरच्या मालकांनी काही सांगितलं म्हणे, मग बघायला काय जातंय, असं ती सहज बोलली. सहज बोललेलंच जास्त लागतं. महिपती अर्ध्या भाकरीवरून उठला. पुढं काय होणार ते त्याला स्पष्ट दिसत होतं. कोंडीबा एखाद्या सुट्टीला मोडनिंबला जाईल, पाचर घालील, गाडी लोण्यासारखी पळेल, आणि रावजी बाजारात सांगेल, "आमची गाडी धाकलं जावई बघत्यात."

ते होऊ द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लॉऱ्या दारात ताटकळत ठेवून त्यानं भट्टीवर पाचरी घडवल्या. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, मध्ये भोक. कानशीनं अशा साफ केल्या की बोटाला धार लागू नये. दुकान बंद असायच्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन तो एसटीनं मोडनिंबला उतरला आणि चालत वस्तीवर गेला. रावजी जीप घरी ठेवून माढ्याला गेला होता, ते बरंच झालं. दगडाबाईनं चहा दिला आणि धोंड्याच्या महिन्यात दोन्ही जावयांना जेवायला बोलवायचं ठरलंय असं सांगितलं. महिपती जीपखाली शिरला, मागचे बोल्ट सैल केले, पाचरी सरकवल्या, हात सांगेल तशा. जाड बाजू पुढं. वर्षानुवर्षं हात असाच चालत आला होता. नट आवळले, तांबडी रेघ ओढली. गाडी चालवून बघायचा प्रश्नच नव्हता. सासूला म्हणाला, "मामास्नी सांगा, गाडीचं काम मी करून ठेवलंय. दुसऱ्या कुणाला हात लावू दिऊ नका."

परतताना एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली. गार वारा लागत होता आणि कोंडीबाचा चेहरा कसा होईल याची चित्रं तो रंगवत होता. बऱ्याच दिवसांनी त्याला पोटभर भूक लागली.

सत्त्याहत्तर सालच्या त्या अधिक श्रावणात धोंड्याचं जेवण ठरलं. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तांब्याच्या ताटात अनारसे घालून वर दिवा लावून वाण द्यायचं. मान थोरल्याचा पहिला. महिपतीनं नवं धोतर नेसलं, रंभाबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं. मोडनिंबच्या स्टँडवर रावजी जीप घेऊन आला होता, त्या कामानंतर ती आजच पहिल्यांदा वस्तीबाहेर निघाली होती. कोंडीबा आणि सोजरबाई आदल्या दिवशीच वस्तीवर आले होते, हे महिपतीला तिथं कळलं. आणि लगेच दुसरी गोष्टही कळली. हमरस्त्यावर जीप जरा पळाली आणि पूर्वी नव्हती इतकी कापायला लागली. रंभाबाईच्या हातातल्या पिशवीतला डबा वाजत होता. रावजी नुसता पाय ब्रेकवर ठेवून हळू चालवत राहिला. ते हळू चालवणं महिपतीला दातदुखीसारखं वाटलं.

मी तर काम चोख केलं होतं. मग हे कसं? वस्तीच्या वळणावर उत्तर सापडलं आणि ते सापडल्यावर त्याला जवळजवळ बरं वाटलं. कोंडीबा काल आला होता. काल रात्री तो मुक्कामाला होता. जीप अंगणात होती.

पाट मांडले, पाय धुतले, भावकीतली चार माणसं पंगतीला बसली. धोंडे आले, त्यावर तूप आलं. महिपतीनं दगडाबाईच्या हाताकडं बघितलं. आज वाटी दोघांच्याही ताटात सारखीच उपडी झाली, पण ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. रावजीनं पहिला घास मोडून विचारलं, की गाडीचं काय झालं असावं. घासासकट सगळे थांबले.

"माझ्या कामाला कुणीतरी हात लावलाय," महिपती म्हणाला. कोंडीबाकडं त्यानं बघितलं नाही, पण इतकं न बघितलं की पंगतीतल्या सगळ्यांनी तिकडं बघितलं.

सोजरबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. कोंडीबा पाटावरून उठला, अंगणात गेला. जीपखाली वाकून त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हात धुऊन परत येऊन पाटावर बसला. "व्हय दादा," तो म्हणाला. "काल मीच खोलून बघितलं. घालताना उलटं बसलं असंल. माझं चुकलं."

रावजीच्या कपाळावर आठी चढली. थोरल्याच्या कामाला न विचारता हात लावायची काय गरज होती, असं तो सगळ्यांसमोर कोंडीबाला बोलला. जावयाला, तेही धोंड्याच्या पाटावर, असं कुणी बोलत नाही. भावकीतली माणसं ताटात बघायला लागली. दगडाबाईनं पहिलं वाण महिपतीच्या हातात दिलं. दिवा ताठ जळत होता. त्यानं त्या दिवशी धोंडे मागून मागून खाल्ले. हेव्यानं जळणाऱ्या माणसाला शेजारचा विझलेला दिसला की जी गार झुळूक लागते, ती त्याला लागत होती. लपवायचं कशाला, फार गोड वाटलं त्याला.

जेवण झाल्यावर धोतर खोचून, पाना घेऊन तो ऐटीत जीपखाली गेला. वर बघितलं आणि पाना छातीवरच राहिला.

तांबडी रेघ अखंड होती. सगळ्या नटांवर, एकाही जागी चीर नाही. त्यानं बोट फिरवून बघितलं, थुंकी लावून पुसून बघितलं. रेघ त्याचीच, रंग त्याचाच, मोडनिंबची धूळही तेव्हापासूनचीच. या कामाला त्याच्याशिवाय कुणाचाही हात लागला नव्हता.

मग त्याला दिसलं. लॉरीचा पाटा आसाच्या वर बसतो. जीपचा पाटा आसाच्या खाली. लॉरीत गोळ्याचं तोंड खाली करायचं तर पाचरीची जाड बाजू पुढं येते. जीपमध्ये तेच उलटं, जाड बाजू मागं पाहिजे. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण हात डोक्याला विचारायला थांबला नव्हता. तोंड खाली करायला गेला आणि आणखी वर करून आला. एवढी साधी चूक भवानी पेठेतल्या कुठल्याही पाटेवाल्याला सांगितली असती तर त्यानं दिवसभर हसून घेतलं असतं.

आणि कोंडीबानं ती रेघ बघितली होती. एवढा वेळ वाकून तो तीच बघत होता.

महिपतीनं नट सोडले, पाचरी फिरवल्या, जाड बाजू मागं केली, नट आवळले. रंगाची बाटली पिशवीत होती. त्यानं ती काढलीच नाही. हाळावर हात धुवायला गेला तेव्हा कोंडीबा तिथं बैलाला पाणी दाखवत उभा होता. आसपास कुणी नव्हतं.

"खोटं का बोललास?" महिपतीनं विचारलं.

कोंडीबानं आधी टाळायचा प्रयत्न केला. मग बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो अगदी मनापासून बोलला. त्याच्या आवाजात टोमणा असता तर महिपतीनं सहन केलं असतं. "दादा, मला गाडी चालवता येती. गळा हाय. चार लोकांत उठबस हाय. मामींचा जीव हाय माझ्यावर. तुमाला ह्येच एक येतंय. त्ये बी मी घिऊ व्हय?"

एवढं म्हणून तो बैल घेऊन गेला. महिपती ओले हात निथळत तिथंच उभा राहिला. इतकी वर्षं तो कोंडीबाच्या तुपाचा हेवा करत होता, गळ्याचा करत होता, सीटचा करत होता. आता त्याच्या मोठ्या मनाचाही करायचा? ते ओझं त्याला पेलण्यासारखं नव्हतं. आणि ते वाक्य, रावजीचं वाक्य, आता त्याचं राहिलं नव्हतं. उष्टं झालं होतं. कोंडीबानं आपल्या ताटातून उचलून त्याच्या ताटात टाकलेलं.

ऊन उतरल्यावर सगळे स्टँडवर निघाले. रावजीनं मुद्दाम कोंडीबाला मागं बसायला सांगितलं आणि महिपतीला म्हणाला, "आज म्होरं तुमी बसा." महिपती पुढं बसला. सीट मऊ होती, वारा समोरून येत होता. हमरस्त्याला लागल्यावर रावजीनं जीप पळवली आणि ती खरोखर लोण्यासारखी गेली. घुमणं नाही, कापणं नाही. रंभाबाईचा डबा गप्प होता. वाटेत एक ओळखीचा माणूस सायकलवरून उतरून उभा राहिला. रावजीनं जीप थांबवली. गाडी झकास चालतीय असं तो माणूस म्हणाला, आणि रावजीनं छाती काढली. "आमची गाडी थोरलं जावई बघत्यात."

वाक्य आलं. महिपतीला ते उष्टंच लागलं. मागं कोंडीबा हसत असेल, मायेनं हसत असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला राहवेना.

सायकलवाला जायच्या आतच तो बोलला. "मामा, पाचर मीच उलटी घातली हुती. कोंडीबानं हात बी लावला न्हाय. माझी रेघ जागच्या जागी हुती."

हे त्यानं खरेपणापोटी सांगितलं असं कुणी समजू नये. त्याला नुसतं कोंडीबाचं काही नको होतं, पाटावर नको, ताटात नको, रस्त्यावर नको. मूर्ख म्हणवून घेणं चालेल, पण त्याच्या देणगीवर शहाणा म्हणवून घेणं नको.

रावजीनं इंजिन बंद केलं. तो महिपतीकडं बघत राहिला, मग मागं वळून कोंडीबाकडं. खोटं का सांगितलं, असं त्यानं विचारलं. कोंडीबा चाचरला. दादांचा मान राहावा म्हणून, असं काहीतरी म्हणाला.

"त्यांचा मान राखणारे तुमी कोण?" रावजी म्हणाला. "आन् माझ्या तोंडून धोंड्याच्या पाटावर तुमाला बोल लागला, त्यो आता मी कुटं फेडू?" मग त्यानं महिपतीच्या गुडघ्यावर थाप मारली. आपली चूक चारचौघांत सांगणारा माणूस त्यानं या साऱ्या मुलखात अजून बघितला नव्हता, असं तो सायकलवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. उलटी पाचर सरळ कुणी केली, हेही त्यानं विचारलं. मीच केली, असं महिपतीनं सांगितलं. रावजी समाधानानं हुंकारला आणि जीप सुरू केली. गिअर अडला. कोंडीबाचा हात सवयीनं मागून पुढं आला. रावजीनं तो बाजूला सारला आणि स्वतःच दोनदा खडखड करून गिअर टाकला.

रंभाबाईनं मागून हात लांब करून नवऱ्याच्या खांद्यावरची धूळ झटकली. कुणी विचारलं असतं तर धूळ होती म्हणाली असती.

समोरच्या काचेवरचा छोटा आरसा रावजीला कधी सरळ लावता आला नव्हता. तो महिपतीच्या बाजूला कलला होता. त्यात मागची सीट दिसत होती. कोंडीबा बसला होता. हात गुडघ्यांवर, ओठ आवळलेले, डोळे महिपतीच्या सीटच्या पाठीवर. एवढं मोठं मन दाखवलं आणि त्याची पावती दुसऱ्याच्याच नावानं फाटली, असा तो चेहरा होता. महिपतीच्या तो फार ओळखीचा होता. इतकी वर्षं रोज सकाळी दाढी करताना आरशात तोच चेहरा तो बघत आला होता.

त्यानं छातीत चाचपून बघितलं. जळजळ कुठं नव्हती. मागच्या सीटवर जाऊन बसली होती. आरसा गाडी चालवणाऱ्यासाठी असतो हे महिपतीला ठाऊक होतं, तरी स्टँड येईपर्यंत तो त्यातच बघत राहिला.